सासूबाईंना एकाच वेळी पाच आजार आहेत, कुठलंच पथ्य पाळत नाहीत, त्यांना समजून कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना शुगर, बीपी, थायरॉइड, गुडघे आणि आता किडनीपण, गोळ्या चुकवतात, काही बोललं की चिडतात आणि वर डॉक्टर तुम्हालाच ओरडतात. वाचताना माझंच घर डोळ्यासमोर आलं. आमच्या सासूबाई, आम्ही आत्या म्हणतो त्यांना, वय 71, गाव कवठेमहांकाळजवळ आणि दवाखाना मिरजेला. हे सगळं आहेच, शिवाय हार्ट थोडं कमजोर. मी डॉक्टर नाही, पण सहा वर्षं त्यांचं सगळं मीच बघतेय, तेवढ्यावरून सांगते.

"त्या ऐकतच नाहीत" हे आधी डोक्यातून काढा. मीपण तेच म्हणायचे.

हार्ट कमजोर म्हणून आत्यांच्या पायावर सूज यायची, त्यासाठी पाण्याची गोळी चालू होती. ही गोळी घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि पुढचे पाच-सहा तास सारखं जावं लागतं. दर चेकअपला डॉक्टर पाय दाबून बघायचे, खड्डा पडायचा, ते डोस वाढवायचे, अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या, सूज काही हटेना. एकदा महिनाअखेरीला स्ट्रिप मोजल्या तर बऱ्याच गोळ्या शिल्लक. मी खूप बोलले त्यांना, त्या गप्प. रात्री पायाला तेल लावताना म्हणाल्या, "अगं, एसटी मधे कुठं थांबती का? आणि स्टँडवर मला खाली बसता येतं का, बसले तर उठवणार कोण?" म्हणजे गुडघ्यामुळे बसता येत नाही म्हणून हार्टची गोळी बंद! बाहेर जायचं असलं की नाही घ्यायची, लग्नकार्य असलं की नाही, आणि दवाखान्याला जायचं तर आदल्या दिवसापासूनच नाही. म्हणजे डॉक्टरांना त्या कायम गोळी न घेतलेल्याच दिसायच्या आणि त्यावर डोस वाढत होता. मी हे पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बाहेर जायच्या दिवशी परत आल्यावर दुपारी तीन-चारला घ्या, काही बिघडत नाही. दोन महिन्यांत डोस परत एका गोळीवर आला. एवढंच होतं ते, पण कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही.

म्हणून गोळी का चुकली हे रागावून नाही, शेजारी बसून विचारा. बहुतेक वेळा कारण दुसऱ्याच आजारात असतं.

आणि हे आजारपण म्हणजे दिवसभराचं काम असतं हो. आत्यांच्या दिवसाला 11 गोळ्या होत्या, पाच वेळा. थायरॉइडची उपाशीपोटी, तिच्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही (पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला हा अर्धा तास किती मोठा वाटतो ते विचारा), कॅल्शियम आणि लोहाची तिच्यापासून चार तास लांब, शुगरची जेवणाआधी, असं सगळं. 2005 साली अमेरिकेतल्या जामा या मेडिकल जर्नलमधे डॉक्टरांनी एक हिशोब मांडला होता, 79 वर्षांची एक काल्पनिक बाई, तिला शुगर, बीपी, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार, धाप लागते तो), सांधेदुखी आणि हाडांचा ठिसूळपणा, आणि प्रत्येक आजाराची गाइडलाइन तंतोतंत पाळली तर काय होईल. 12 औषधं निघाली, दिवसातून पाच वेळा, वर पथ्यं वेगळीच. प्रत्येक गाइडलाइन आपापल्या जागी बरोबर, पण माणूस एकच ना!

पथ्याचं तर विचारूच नका. शुगरवाल्यांनी सांगितलं डाळी-उसळी, पालेभाज्या भरपूर. किडनीवाल्यांनी सांगितलं डाळ मोजून, भाजी उकळून पाणी फेकून द्या, केळं नको, शहाळं नको. हार्टसाठी पाणी मोजून प्यायचं आणि शेजारणी सांगणार की किडनी साफ व्हायला पाणी भरपूर प्या. आत्या एकदा ताट समोर ठेवून म्हणाल्या, "मग खाऊ काय, वारा?" त्याला आपण चिडचिड म्हणतो. मी शेवटी डाएटिशियनकडे तिन्ही कागद एकत्र नेले आणि म्हटलं एकच ताट लिहून द्या, आमच्या घरात भाकरी-आमटी शिजते त्यातलंच. ते जमलं. एक लक्षात ठेवा, बाजारात लो सोडियम मीठ मिळतं ना, बीपीला चांगलं म्हणून, त्यात पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

चिडचिडीचं अजून एक. संध्याकाळी सहाच्या सुमारास आत्या एकदम कुणावरही ओरडायच्या, घाम यायचा, हात थरथरायचे. आम्हाला वाटायचं स्वभाव. एकदा सहज ग्लुकोमीटर लावला तर 58! 70 च्या खाली म्हणजे शुगर कमीच. तीन चमचे साखर पाण्यात दिली, 15 मिनिटांनी परत तपासलं आणि अर्ध्या तासात बाई शांत, मलाच विचारतात तू का रडतीस. किडनी कमी काम करायला लागली की शुगरच्या काही गोळ्यांचा असर शरीरात जास्त वेळ राहतो, त्यात एकादशी धरली की झालंच. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि सांगितलं की यांच्या वयाला आणि इतक्या आजारांना तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट (HbA1c) 8 च्या आसपास असली तरी चालेल, 6.5 च्या मागे लागू नका. तेव्हा सासूबाई चिडल्या की आधी बोटातून रक्त तपासा, मग बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या वेळी घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका डब्यात घालून न्या, काढा, चूर्ण, मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली पुडी, सगळं, आणि एकाच डॉक्टरपुढे टेबलावर ओता. आम्ही आमचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओतला तेव्हा बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने निघाली, त्या दोन्ही घेत होत्या. आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही पेनकिलर, हाडाच्या डॉक्टरांनी कधीतरी पाच दिवसांसाठी लिहिलेली, ती चिठ्ठी दाखवून दोन वर्षं चालू. हाडवाल्यांना किडनीचं माहीत नाही, किडनीवाल्यांना या गोळीचं माहीत नाही. बीपीच्या काही गोळ्या, पाण्याची गोळी आणि वर असली पेनकिलर, हे तिन्ही एकत्र किडनीला फार वाईट. आत्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे किडनी कमी काम करते) 1.4 वरून 2.3 झालं होतं, ती बंद केल्यावर 1.7 वर आलं, पहिल्यासारखं नाही झालं. ते मला अजून लागतं.

तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय पण त्यासाठी काय घेतात ते लिहिलं नाही. आज संध्याकाळी बघा, उशीखाली, पर्समधे, देवघरातसुद्धा. पेनकिलर सापडली तर चेकअपच्या तारखेची वाट बघू नका, उद्या सकाळीच किडनीच्या डॉक्टरांना फोन करा.