तीन दिवस सुट्टी, घर भरलेलं आणि टीव्ही एकच

"ताई, मालवणजवळच्या वाडीत आमचं घर. 15 ऑगस्टला जोडून तीन दिवस मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं मुंबईहून येतायत. पुतणी सोळाची, पुतण्या अकराचा. मे महिन्यात आले होते तेव्हा रिमोटवरून रोज वाद झाले आणि मामंजी जेवल्यावर मुकाट्याने पडवीत जाऊन बसायचे. आता त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण टीव्ही बघायला डॉक्टरांची हरकत नाही. सगळ्यांना चालेल असं काय लावू? मला काही बघायला मिळेल अशी आशा नाही, पण घरात वाद नकोत."
– एक सून, मालवण तालुका

ताई, तुमच्या पत्रातली दोन माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक पडवीत बसलेले मामंजी आणि दुसऱ्या तुम्ही, ज्यांनी आशाच सोडलीय. म्हणून माझी निवड तुम्हा दोघांना धरून आहे. बाकीचे त्यात आपसूक येतील.

दिवसभर ज्याला जे बघायचं ते बघू दे. पुतणीला तिच्या कोरियन मालिका फोनवर बघू द्या, तिच्या मागे लागू नका. रात्री मात्र जेवणं आटोपली की एकच काहीतरी, सगळ्यांनी मिळून बघायचं.

पहिल्या रात्री 'वस्त्रहरण' लावा. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक 1980 साली रंगभूमीवर आलं आणि त्याचे 5 हजारांहून जास्त प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच असलेलं चित्रीकरण मिळतं, तेच घ्या. गावातली मंडळी महाभारतातलं वस्त्रहरण नाटकात करायला निघतात आणि एकेक गोंधळ होत जातो, एवढीच गोष्ट. पण मुंबईच्या मुलांना त्यातली निम्मी मालवणी कळणार नाही. ती विचारणार कोणाला? मामंजींना! दशावतारात राजा कसा बोलतो, गावच्या नाटकाच्या तालमी कशा चालतात, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मे महिन्यात टीव्हीवर जे चाललं होतं त्यात त्यांना विचारण्यासारखं कोणाकडे काहीच नव्हतं, म्हणून ते उठून गेले असावेत असं मला वाटतं. त्यांची खुर्ची मुलांच्या शेजारी ठेवा. नाटक लांब आहे आणि थोडं चावटही, हे जाऊबाईंच्या कानावर आधीच घाला. मध्यंतर घ्या आणि तेव्हाचा चहा भावजींना टाकायला सांगा.

दुसऱ्या रात्री 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, आपल्याकडे 2015 मध्ये लागला. त्याआधी 2014 मध्येच बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं, म्हणजे पुतण्याच्याच वयाच्या मुलांनी तो निवडलाय. वडील गेलेला एक मुलगा, सरकारी नोकरीतल्या आईची बदली कोकणात होते आणि नव्या शाळेत त्याला मित्र जोडावे लागतात. सायकलवरून सगळे किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि तो तिथे एकटाच मागे राहतो, तो प्रसंग आला की पुतण्याकडे बघा, मोबाइल हातातून खाली गेलेला असेल. आणि अमृता सुभाषने केलेली ती आई तुम्ही बघायलाच हवी. दिवसभर नोकरी, घर आणि मुलाचा अबोला सांभाळणारी ही बाई कुठेही मोठ्याने रडत नाही.

तिसऱ्या रात्री 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. 2009 चा परेश मोकाशींचा चित्रपट, दीड तासाच्या आसपासचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निघायचं असलं तरी जमेल. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला याची ही हसतखेळत सांगितलेली गोष्ट आहे. त्यात सरस्वतीबाई फाळके घरही चालवतात आणि नवऱ्याच्या वेडात हातही घालतात. मुलांना फाळक्यांची खटपट आवडेल, तुम्हाला बहुधा सरस्वतीबाई.

'श्वास' मात्र या वेळी नको. फार मोठा चित्रपट आहे, 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा पहिला मराठी चित्रपट. पण आजोबा आणि दृष्टी जाणारा नातू ही गोष्ट डोळ्याच्या ऑपरेशनमधून नुकत्याच उठलेल्या माणसासमोर लावू नये. दिवाळीत बघा. दुपारी पाऊस लागून राहिला आणि सगळे कंटाळले, तर 'अशी ही बनवाबनवी' आहेच, ती कुठूनही लावली तरी चालते.

आता पावसाचं. ऑगस्टात जोराची सर आली की डिशचं चित्र जातं, कारण पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणारे सिग्नल शोषतात आणि विखुरतात. छत्री हलवून उपयोग नसतो, कोणाला निसरड्या कौलांवर चढवू नका. त्यापेक्षा तिन्ही गोष्टी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. तो फोन वायरने टीव्हीला जोडला जातो का, हेही आधी करून बघा.

राहिला तुमचा प्रश्न. काळ्या वाटाण्याचं सांबारं सकाळीच करून ठेवता येतं. आंबोळ्या गरमच हव्यात, तर जेवणं साडेसातला घ्या आणि दुसरा तवा जाऊबाईंच्या हाती द्या. भांडी घासायची ती सकाळी. तुम्ही येऊन बसल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे तुमच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर "तुम्ही लावा, मी येतेच" असं म्हणून ओट्यापाशीच राहाल.

जाऊबाईंना आजच फोन करा, हा बेत सांगा. फोनमध्ये सगळं उतरवून आणायचं काम पुतणीकडे द्या, आणि ते तिच्याशी स्वतः बोलून द्या.