कर्ज घ्या, पण व्याज साचू देऊ नका

प्रश्न : मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळतोय. चार वर्षांचा खर्च 10 लाखांच्या घरात आहे. मी सहा वर्षांनी निवृत्त होईन. त्यासाठी साठवलेली पुंजी मोडावी असं मला वाटतं. मुलगा म्हणतो, कर्ज काढू, मी फेडीन. आमच्या घरात आजवर कुणी कर्ज काढलेलं नाही. काय करावं?

उत्तर : मुलाचं ऐका. शिक्षणासाठी बँक कर्ज देते, म्हातारपणीच्या घरखर्चासाठी सहजासहजी कुणी देत नाही. आज तुम्ही हात रिकामे केलेत, तर पुढे तुम्हाला सांभाळण्याचा भार त्याच्यावरच येईल.

तुमची भीती मला समजते. ती नेमकी कशाची बाळगायची, तेवढं आकड्यांत सांगतो.

हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होतो. तोवर काही भरावं लागत नाही म्हणून घरचे निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासून चढत असतं. समजा, दरवर्षी सुरुवातीला अडीच लाख असे चार वेळा पैसे घेतले, दर 10 टक्के आणि हप्ता पाच वर्षांनी सुरू. सरळव्याजानेसुद्धा पहिल्या अडीच लाखांवर सव्वा लाख, पुढच्या रकमांवर एक लाख, पाऊण लाख आणि अर्धा लाख, म्हणजे साडेतीन लाख व्याज साचतं. ते मुद्दलात मिळवलं की फेडायचे होतात साडेतेरा लाख. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिना सुमारे 17,840. व्याज वेळच्या वेळी भरलेलं असेल, तर तोच हप्ता सुमारे 13,215.

तुमची मदत इथे लागणार आहे. पहिल्या वर्षी हे व्याज महिना साधारण 2,083 येतं, दुसऱ्या वर्षी 4,167, तिसऱ्या वर्षी 6,250 आणि चौथ्या वर्षापासून 8,333. तुमचा पगार अजून सहा वर्षं चालू आहे, त्यातून हे भरा. सगळं झेपलं नाही तर निम्मं भरा, तेही मोठं काम करतं.

कॉलेजात चौकशी करताना सगळ्यात मोठा पगार किती मिळाला, हे विचारू नका. जाहिरातीत तोच आकडा असतो. मधल्या फळीतल्या मुलांना काय मिळतं ते विचारा. हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल, तर मी कमी खर्चाचं कॉलेज बघायला सांगेन.

बँकेत विचारायचं ते असं : व्याज सरळ की चक्रवाढ, दर स्थिर की बदलता, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का. सहकर्जदार म्हणून बहुधा तुमचीही सही घेतील. हप्ता चुकला तर दोघांच्याही क्रेडिट नोंदीवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर, डाग पडतो, हे मुलाला आत्ताच स्पष्ट सांगा. सही करण्याआधी परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या आणि दोघांनी एकत्र बसून वाचा.