पुढचं नको, तेच पुन्हा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची तुझी यादी मिळाली. खाली तू लिहिलंयस, "बाई, एवढं वाचूनही आत काही साठत नाही. कथा अर्ध्यावर सुटतात. दर महिन्याला नवा राग घेतो, तरी गाणं आहे तिथेच आहे. आता पुढे काय घेऊ?"

पुढे काही घेऊ नकोस. तेच पुन्हा घे. पत्राचं उत्तर इतकंच. बाकीचं लिहितेय ते तू हे सहज ऐकणार नाहीस म्हणून.

पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अकरावीत माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात तू घोकलंयस. पण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे हा न चुकणारा संबंध, मुळात कळते कशी? सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' लिहिला. मुलांना सोपं जावं म्हणून लिहितो, असं तो पहिल्याच श्लोकात सांगतो. त्यात उत्तर आहे: भूयोदर्शनाने. स्वयंपाकघरात आणि इतरत्र धूर आणि अग्नी पुन्हा पुन्हा एकत्र पाहून. मुलांच्या पुस्तकात इथे थांबलं तरी चाललं असतं. तो थांबला नाही. स्वतःच्याच पुस्तकावर त्याने 'दीपिका' ही टीका लिहिली आणि त्या उत्तरावर स्वतःच हरकत घेतली: जे जे पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाचं, ते ते लोखंडाने कोरता येतं, हे शंभर वेळा पाहिलं तरी हिऱ्यापाशी खोटं ठरतं. मग नुसतं वारंवार पाहून काय झालं? त्यावर तो म्हणतो, दोन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात आणि सोबत व्यभिचार, म्हणजे अपवाद, आढळलेला नसावा. अपवाद आढळायचा तर तो शोधत पाहावं लागतं. स्वतःचं पुस्तक परत उघडलं म्हणून त्याला हिरा आठवला. लगेच दुसरा विषय घेतला असता तर?

मला सांग, त्या यादीतलं एक तरी पुस्तक तू परत उघडलंस का? वाचताना ज्याच्याशी भांडलास, त्याच्याकडे पुन्हा गेलास का? नसशील, तर ती यादी मला नको पाठवूस.

आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. पुस्तकं कमी पडतील ही भीती नाशिककराला कधीच नव्हती. तिथल्या काही पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के आहेत, त्यातले कितीतरी माझे. देवघेवीच्या खिडकीवर "बाई, हे झालंय तुमचं" असं सांगायचे, मी "असू दे" म्हणून घेऊन यायची. तरुणपणी एखादं पुस्तक संपवताना लेखक पटवून द्यायचा. दुसऱ्यांदा वाचताना तो कुठे घसरला ते दिसायचं. तिसऱ्यांदा, घसरूनही तो ते का लिहीत राहिला हे कळायचं, आणि तिथून पुढे मला त्याच्याबद्दल माया वाटायची. ही माया पहिल्या वाचनात येत नाही. कुणाचीच येत नसावी.

तू म्हणशील, बाईंना तेच तेच करायची सवयच. हे मी आयुष्यभर ऐकलंय. पुण्याला पदवीच्या वर्गांवर जायची संधी आली तेव्हा घरच्यांनी ऐकवलं, सहकाऱ्यांनी ऐकवलं: तेच अकरावी-बारावीचं तर्कशास्त्र किती वर्षं? मी गेले नाही. तर्कशास्त्रातलं संविधान म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढणं; त्याचे परंपरेने वैध मानलेले एकोणीस प्रकार मी दरवर्षी फळ्यावर मांडत राहिले. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, सगळी भुतं उलट्या पायांची असतात हे खरं मानलं, तर काही भुतं तरी आहेत असं होतं का?" आधुनिक तर्कशास्त्र इथेच हात आखडता घेतं. 'सर्व' म्हटल्याने 'काही आहेत' हे सिद्ध होत नाही, म्हणून एकोणिसांपैकी चार प्रकार गळतात आणि पंधरा उरतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतंच. पण त्या तासाला ते चार प्रकार माझ्यासमोर एकेक करून कोसळले, आणि त्यानंतर 'सर्व' हा शब्द मी बेफिकिरीने कधी उच्चारला नाही. पुण्याला जाऊन मी मोठी झाले असते की नाही, या प्रश्नात मला रस नाही. मी जे केलं ते योग्य केलं, आणि ते खुरटणं होतं असं कुणी म्हणालं तर मी आजही वाद घालेन.

गाण्याचं मात्र मनात सलतं. घर, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा यांतून मोकळी होऊन मी पंचवटीत गुरुजींकडे गेले तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. तार सप्तक तेव्हाच हातचं गेलेलं. त्यांनी भूप राग दिला आणि पुढे कितीतरी काळ दुसरं काही दिलं नाही. सा रे ग प ध, पाचच स्वर. रोज तेच. मग एका सकाळी त्यांनी तेच पाच स्वर लावले आणि मला राग ओळखता येईना. तो देशकार होता. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार; देशकाराचा धैवत. भूप संध्याकाळनंतरचा, खालच्या अंगात रमणारा; देशकार सकाळचा, वर धैवताकडे ओढ घेणारा, रिषभावर न रेंगाळणारा. भूपात इतके दिवस मुरल्यामुळेच हा फरक मला अंगावर काट्यासारखा जाणवला. तू दोन्ही रागांची माहिती एका दुपारी फोनवर वाचू शकतोस, वाचलीही असशील. पण गाताना भूपाचा देशकार झालेला तुझ्या कानाला कळतो का? कळत नसेल तर तुला अजून एकही राग आलेला नाही. वाईट वाटू देऊ नकोस. वाटलं तरी चालेल.

गुरुजी गेले, माझा देशकार निम्मा राहिला. मी तो रोज सकाळी गाते, जेवढा आहे तेवढा.

लिहिण्याचंही तेच. माझं पुस्तक का नाही, असं तू एकदा संकोचत विचारलं होतंस. माझे लेख वह्यांत आहेत, आणि दर काही वर्षांनी मी ते कोऱ्या वहीत पहिल्यापासून लिहिते. उतरवून काढत नाही. जुनी वही मिटून ठेवते आणि लिहिते. जे विधान मनाने पुन्हा उभं केलं तेवढंच माझं, बाकीचं गळालं तर गळू दे. छापायला उशीर झाला असेल, लेख कच्चा राहिला नाही.

तर तू असं कर. अर्ध्यावर सुटलेल्या कथांपैकी सगळ्यात जुनी घे. फाईल उघडू नकोस, आठवून पहिल्यापासून लिही. महिनाभर नवं पुस्तक आणू नकोस. यादीतलं ज्याने तुला सर्वांत जास्त चिडवलं ते परत वाच आणि कुठे चिडलास तिथे समासात खूण कर. सकाळी तानपुरा लावून फक्त भूप. आईला सांग, कंटाळा आला तरी महिनाभर ऐकावंच लागेल.

कथा झाली की पाठव. दुरुस्त केलेली नको, पुन्हा लिहिलेली पाठव. मी ती दोनदा वाचेन, मगच बोलेन.

तुझ्या बाई
नाशिक