व्हेस्टा हा लघुग्रह कोणी शोधला आणि तो दुर्बिणीशिवाय दिसतो का?

शोधला हाइनरिश ओल्बर्सनं, ब्रेमेनमधून, २९ मार्च १८०७ ला. पेशानं डॉक्टर, दिवसा पेशंट तपासायचा आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून बसायचा. नाव गणितज्ञ गाऊसनं ठेवलं. झालं, हे कुठंही मिळेल. "दिसतो का" विचारलंत म्हणून लिहायला बसलो, कारण त्यावरून आमच्या घरात २०१८ पासून वाद चालू आहे.

त्या मे महिन्यात अधिक मास लागला होता आणि ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, धोंड्याचं जेवायला सोलापूरला आलेले. उकाडा असा की अख्खं घर गच्चीवर झोपायला. मी रात्री साडेबाराला उठून टेन बाय फिफ्टीची बायनॉक्युलर धनु राशीकडं लावली, व्हेस्टा तेव्हा तिथं होता, आणि दाजींना उठवून दाखवला. दाजी इंजिनियर. अर्धा मिनिट बघितलं न् म्हणाले, "हा तारा आहे की ओ, ह्यासाठी उठवलंस व्हय?" आणि परत चादर ओढून झोपले. सकाळी सगळ्यांसमोर अनारसे खात तेच, की ह्यानं तारा दाखवला.

आता खरं सांगू का, दिसायला तो ताऱ्यासारखाच असतो, म्हणून तर खगोलशास्त्रज्ञ हर्शेलनं ह्या मंडळींना 'ॲस्टेरॉइड' म्हटलं, म्हणजे ताऱ्यासारखा. एका रात्रीत ओळखूच येत नाही. जो सरकतो तो लघुग्रह, बाकीचे तारे, ओल्बर्सलाही तसाच सापडला. माझे बाबा चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ काढायचे, त्यांच्या ग्राफच्या वहीतला एक कागद घेऊन मी त्या भागातले तारे चौकटीत मांडले आणि आठवडाभर रोज तेच परत मांडले. सगळे ठिपके जागच्या जागी, एकच ठिपका सरकत गेलेला. बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हे एक घर चुकलंय." मी म्हटलं चुकलं नाही, तोच तो. दाजी मात्र दुसऱ्याच दिवशी जावयाचं चांदीचं ताट घेऊन गावाला गेले होते, त्यामुळं त्यांच्या मते मीच ठिपका चुकीचा काढला!

बरं, एवढा चमकतो कशानं? ह्याच्याच पट्ट्यातला, म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला, सेरेस ह्याच्यापेक्षा बराच मोठा, व्यास ९४० किलोमीटरच्या आसपास, पण काळपट. व्हेस्टा ५२५ किलोमीटरचा, म्हणजे सोलापूरहून पुण्याला जाऊन परत यायचं अंतर, पण अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण ४० टक्के परत फेकतो. स्वतःभोवती साडेपाच तासाच्या आत फिरतो. नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये वर्षभर त्याच्याभोवती होतं, दक्षिण ध्रुवापाशी ५०० किलोमीटरचा खड्डा आणि खड्ड्याच्या मधोमध २० किलोमीटरहून उंच डोंगर. धडकेत उडालेले तुकडे उल्का होऊन आपल्याकडं पडलेत. ओल्बर्सला वाटायचं की हे सगळे एका फुटलेल्या ग्रहाचे तुकडे आहेत, ते मात्र साफ चूक, अख्खा पट्टा गोळा केला तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केसुद्धा भरत नाही.

दुर्बिणीशिवाय म्हणाल तर, नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारा पट्ट्यातला हाच, तोही अगदी जवळ आल्यावर. सोलापुरातल्या गच्चीवरून विसरा, दिव्यांच्या उजेडात जमत नाही. गावाबाहेर हिप्परग्याच्या पुढं, अंधारात, चंद्र नसताना बघा. मी स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघितलेला नाही, तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. दर सव्वा-दीड वर्षानं तो आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, तेव्हा बायनॉक्युलर घ्या, आणि कागद घ्याच, आणि पाहुण्याला दाखवायचा असेल तर किमान चार रात्री मुक्काम करणारा पाहुणा निवडा.

ग्राफचा तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. दाजी २०२३ च्या धोंड्याला येऊन गेले, तेव्हाही बघितला नाही, म्हणाले चष्मा गाडीत राहिलाय.