ऑफिसातले प्रिंटर ड्रायव्हरविना सुरक्षित प्रिंटिंगवर न्यायचे आहेत, तयारी कशी करावी?

तुमच्याकडे दीडशेएक पीसी, तीन मजल्यांवर निरनिराळ्या कंपन्यांचे प्रिंटर, सगळीकडे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, आणि आता वरून फर्मान आलंय की 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड', म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरविना छापण्याचा विंडोजचा मोड, चालू करा. मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडे हे काम बरंचसं मार्गी लागलंय, त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी, ग्रुप पॉलिसीतून (एका जागेवरून सगळ्या पीसींना सेटिंग लावण्याची विंडोजची सोय) हा मोड सगळ्यांना एकदम लावू नका. मोड चालू झाला की कंपनीच्या ड्रायव्हरवर बसवलेले प्रिंटर त्या पीसीवरून उडतात. मोड बंद केला म्हणून ते आपोआप परत येत नाहीत, एकेक करून पुन्हा जोडावे लागतात. महिनाअखेरीला अकाउंट्समध्ये असं झालं तर काय ऐकून घ्यावं लागेल, ते मी सांगायला नको.

एवढा खटाटोप कशाला, असं तुमचे मॅनेजर विचारतीलच. २०२१ चं 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरण, म्हणजे विंडोजच्या छपाई सेवेतली सुरक्षेची त्रुटी, त्यांना सांगा. विंडोजचा प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी सेवा) सिस्टिमचे सगळे अधिकार घेऊन चालतो आणि बाहेरचे ड्रायव्हर त्याच्यातच लोड होतात. ती फट मिळाली की अख्खा पीसी हातात. नव्या मोडमध्ये बाहेरच्या ड्रायव्हरला मज्जाव आहे. प्रिंटरशी बोलणं आयपीपीने (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, सगळ्या कंपन्यांना समान अशी पद्धत) होतं आणि ते काम कमी अधिकारांच्या प्रक्रियेत चालतं. शिवाय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय की २०२७ पासून विंडोज अपडेटवर बाहेरच्या ड्रायव्हरच्या फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. आहेत ते ड्रायव्हर लगेच बंद पडणार नाहीत, त्यामुळे घाबरून नवे प्रिंटर घेत सुटू नका.

मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेने प्रमाणित केलेले प्रिंटर या मोडमध्ये चालतात. पॉवरशेलमध्ये गेट-प्रिंटर चालवून नाव, ड्रायव्हर आणि पोर्ट यांची यादी काढा आणि प्रत्येक मॉडेल मोप्रियाच्या साइटवर तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरी मेख त्या यादीत दिसत नाही, ती कोण कशावर काय छापतं यात आहे.

त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरमधला प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग चालू करा, तो मुळात बंद असतो. त्यात ३०७ क्रमांकाच्या नोंदीत कोणी, कुठल्या प्रिंटरवर, किती पानं काढली ते येतं. महिनाभर चालू ठेवा, म्हणजे महिनाअखेरही त्यात येईल. मग डिस्पॅचच्या माणसाशेजारी बसून बघा. तीन प्रतींचा कार्बनी चलान डॉट मॅट्रिक्सवर निघतो, त्या जुन्या मशीनला आयपीपी कळत नाही. एचआरला स्टेपल लागतं, कोणाला खात्याचा कोड टाकावा लागतो. अशा खास सोयी नव्या क्यूमध्ये (विंडोजमधल्या छपाईच्या रांगेत) दिसल्या नाहीत, तर प्रिंटर कंपनीचं 'प्रिंट सपोर्ट ॲप' घ्यावं लागतं. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून येतं, आणि स्टोअर तर आपणच ब्लॉक करून ठेवलेलं असतं!

डॉट मॅट्रिक्ससाठी सरळ एक पीसी मोडच्या बाहेर ठेवा, त्याच्यावर दुसरं काही चालू देऊ नका. लेबल प्रिंटरचं वेगळं आहे. ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) सर्व्हर थेट ९१०० या प्रिंटरच्या नेटवर्क पोर्टवर लेबल पाठवत असेल तर मधे विंडोजचा क्यू येतच नाही, ते चालूच राहतं. फक्त त्या प्रिंटरचं ९१०० त्या एका सर्व्हरपुरतं मोकळं ठेवा. बाकी प्रिंटरवर सगळे पीसी आयपीपीवर आले की ते बंदच करा.

मग प्रिंटरच्या वेब पेजवर जा. ॲडमिन पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच असतो, विचारूच नका. फर्मवेअर अपडेट करा, आयपीपी चालू आहे का बघा, एन्क्रिप्शनसाठी सर्टिफिकेट टाका आणि घड्याळ बरोबर लावा. तारीख चुकली की सर्टिफिकेटची मुदत संपलेली वाटते. डीफॉल्ट कागद ए४ करा. विंडोजसोबत येणारा सामायिक 'क्लास ड्रायव्हर' कागदाचा डीफॉल्ट प्रिंटरकडूनच विचारून घेतो, तिथे 'लेटर' असलं की ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर कागद मागत बसतो.

प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) असतील तर पीसीला ते आपोआप सापडत नाहीत, शोधाचा मल्टिकास्ट राउटर ओलांडत नाही. अशा वेळी प्रिंटर हाताने जोडताना डिव्हाइसच्या प्रकारात 'आयपीपी डिव्हाइस' निवडून होस्टनेम द्या.

सुरुवात परचेससारख्या साध्या ए४ च्या खात्यापासून करा, अकाउंट्स आणि डिस्पॅच शेवटी. पुढच्या परचेस ऑर्डरमध्ये मोप्रिया प्रमाणपत्राची अट आतापासून घाला.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. कार्ड दाखवून प्रिंट घेण्याचं सॉफ्टवेअर आहे का तुमच्याकडे? त्यात बऱ्याचदा स्वतःचा ड्रायव्हर आणि पोर्ट मॉनिटर (प्रिंटरकडे डेटा पोचवणारा भाग) असतो, आणि या मोडमध्ये दोन्ही चालत नाहीत. असेल तर बाकी सगळं थांबवून आधी त्या व्हेंडरकडून लेखी उत्तर मागवा.