सुनावणी, सुनवाई आणि मधल्यामधे शुश्रूषा

प्रश्न मेळघाटातून आलाय. चिखलदरा तालुक्यात गावोगावी फिरून दवाखाना, रेशन आणि रोजगार हमीच्या तक्रारी नोंदवणाऱ्या एका लहान संस्थेतल्या ताई विचारतात: ‘पुढच्या महिन्यात आमचा कार्यक्रम आहे. फ्लेक्सवर जनसुनवाई लिहायचं, जनसुनावणी की जनसुणावणी? कार्यकर्त्यांत तीन तट पडलेत. एक काका म्हणतात, मुळात शब्दच हिंदी, तो टाका आणि लोकश्रवण लिहा. शिवाय अहवालात मॉनिटरिंगला संनियंत्रण म्हणावं की देखरेख?’

जनसुनावणी. आधी न, मग ण. फ्लेक्सवाल्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि पैसे देण्याआधी वाचून घ्या.

काकांचं लोकश्रवण आधी निकालात काढतो. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली. सप्ताहाच्या मांडवात महाराज बोलतात आणि लोक माना डोलावतात, त्याला श्रवण म्हणतात. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रवचन द्यावं आणि गावानं माना डोलवाव्यात असं काकांच्या मनात असेल तर खुशाल लिहा. परका शब्द दिसला की दाराबाहेर काढायचा, हा रोग आपल्याकडे जुना आहे. त्या न्यायानं तक्रार गेली, अर्ज गेला, हक्क गेला, फिर्यादही गेली. हे सगळे अरबी-फारसीचे. मग तुमच्या संस्थेला कुलूपच लावावं लागेल.

सुनवाईवाल्यांवर मी तेवढा चिडत नाही. शब्द कुठून आला ते ठाऊक आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांची हजेरीपटं आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवली, आणि कुणाच्या नावावर कुणी पैसे उचलले ते लोकांनीच सांगितलं. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून जोर धरत गेली आणि शब्दही कार्यकर्त्यांच्या झोळीतून देशभर फिरला. विदर्भात तर त्याला परकं वाटायचं कारणच नव्हतं. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होती. आणि वऱ्हाडी जिभेला ण जडच जातो, पाण्याचं पानी आणि लोण्याचं लोनी होतं. सुनवाईत एकही ण नाही, तेव्हा ती सोयीचीच. तरीही मराठी फ्लेक्सवर सुनावणी लिहा, कारण घरात चांगला शब्द असताना शेजारून उसना आणायचा नसतो.

खरा वैताग येतो तो ‘सुणावणी’चा. न आणि ण वरून पुण्या-मुंबईकडे टिंगल झाली की वऱ्हाडी माणूस घाबरतो, आणि घाबरला की दिसेल त्या न चा ण करून मोकळा होतो. ‘जणसुणावणी’ मी डोळ्यांनी पाहिली आहे. ‘माणवी हक्क’सुद्धा पाहिले आहेत, तेही चार फूट उंचीच्या अक्षरांत.

पण इथेच गंमत आहे. संस्कृतात शृणोति, प्राकृतात सुणइ. दोन स्वरांमधला प्राकृत ण मराठीनं जिवापाड जपला, हिंदीनं त्याचा न केला. म्हणून आपलं पाणी, त्यांचं पानी. आपली राणी, त्यांची रानी. राजस्थानी आणि पंजाबी या बाबतीत आपल्या गोटातल्या, त्या आजही ‘सुण’च म्हणतात. मराठीनं हा धातू स्वतः सांभाळला असता तर आपल्याकडेही सुण राहिला असता. पण ती जागा ‘ऐकणे’नं बळकावली. पुढे सुनावणे तयार स्थितीत हिंदीकडून आला, येताना आपला न घेऊन आला, आणि आपण त्याला मागून मराठी ‘णी’ जोडली, पेरणी-मोजणीसारखी. म्हणजे या एका शब्दात पुढचा न हिंदी आणि मागचा ण मराठी. भेदरून ‘सुणावणी’ लिहिणारा गडी इतिहासाच्या हिशेबानं बरोबर आहे आणि आजच्या हिशेबानं चूक. फ्लेक्स आजचा आहे.

आता माझा लाडका मुद्दा. मराठीत सुनावणे म्हणजे नुसतं ऐकवणे नव्हे. गाणं ऐकवतात, कविता ऐकवतात. त्या कुणी सुनावत नाही. सुनावतात काय? शिक्षा, कोठडी, खडे बोल. न्यायाधीश आरोपीला सुनावतात, साहेब शिपायाला, सासू सुनेला. (सून ही स्नुषेपासून. सुनावण्याशी तिचा संबंध व्युत्पत्तीत नाही, व्यवहारात आहे.) सुनावणं नेहमी वरून खाली येतं. जनसुनावणीत ही उतरंड उलटते: जन सुनावतात आणि खुर्चीतले ऐकतात. म्हणून निमंत्रणपत्रिकेत ‘जनसुनावणीस उपस्थित राहून मान्यवर मार्गदर्शन करतील’ असं छापलेलं असतं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मार्गदर्शन त्या दिवशी त्यांना करायचं असतं हो, त्यांनी नव्हे!

यावर एक निवृत्त प्राध्यापक भेटतील तिथे एकच आक्षेप काढतात: कोर्टातली सुनावणी म्हणजे न्यायाधीशांनी ऐकणं, म्हणून सुनावणी म्हणजे ऐकणं. सर, समजावणी म्हणजे समजणं आहे का? बजावणी म्हणजे वाजणं आहे का? ‘आवणी’ ही करवण्याची खूण आहे. कोर्टातसुद्धा पक्षकाराला आपलं म्हणणं कानावर घालायची संधी मिळते ती सुनावणी. न्यायाधीश ऐकतात हा तिचा परिणाम, आणि तो दर वेळी होतोच असंही नाही. प्राध्यापकांनी कोश उघडून बघितला असता तर एवढा शाईचा खर्च वाचला असता.

अर्थात सगळ्या सुनावण्या एका वजनाच्या नसतात, हे तुमच्या लोकांना माहीत असलेलं बरं. मानवी हक्क आयोगाला १९९३ च्या कायद्यानं दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आयोग साक्षीदाराला हजर व्हायला लावू शकतो. मात्र तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत न्यावी लागते. चंद्रपूर-वणी भागात खाणींसाठी होते ती पर्यावरणाची जनसुनावणी २००६ च्या अधिसूचनेची. तिला किमान तीस दिवसांची सूचना लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि शेवटी झालेल्या चर्चेचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. तुमची तिसरी. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत तुमचा अमरावती होता. गावाची समिती दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देते आणि लाल रंगांचा जाब जनसुनावणीत विचारते. तिच्या हातात शिक्षा नाही. चारचौघांत विचारलेला प्रश्न, एवढंच तिचं हत्यार.

अशी एक मी पाहिली आहे, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात. एक कोरकू बाई उभी राहिली. तिनं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली: लेकीच्या बाळंतपणात बाहेरून औषध आणायला लावलं होतं, ती चिठ्ठी. बाई बराच वेळ बोलली. मध्ये हातानं रस्ता दाखवला, मध्ये बोटांवर काही मोजलं. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळीच्या घरची भाषा. तिच्यातलं एक अक्षर मराठीवरून ओळखू येत नाही. बोलणं संपल्यावर संस्थेच्या पोरानं मराठीत सांगितलं, ‘त्या म्हनतात, औषध बाहेरून आनावं लागलं.’ साहेब म्हणाले, ‘लेखी द्या.’ त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर पाटी होती: ‘रुग्णांची सुश्रुषा हीच ईश्वरसेवा.’

सुश्रुषा! पुढचा सगळा कार्यक्रम मी त्या पाटीकडे बघत दात-ओठ खात बसलो.

शब्द शुश्रूषा असा आहे. पहिला श, त्याला ऱ्हस्व उकार. मग श्र, त्याला दीर्घ. शेवटी पोटफोड्या ष. ‘सु म्हणजे चांगली’ असं समजून लोक पहिल्या अक्षराची वाट लावतात. यात सुश्रुताचाही हात असावा असा माझा संशय आहे. वैद्यकातलं एवढं मोठं नाव सु नं सुरू होतं, तर दवाखान्यातला दुसरा शब्द शु नं कसा होईल, असं पाटी रंगवणाऱ्याला वाटत असणार.

आणि आता ऐका, म्हणजे खरं तर सुनावतोच. शुश्रूषा हा श्रु या धातूचाच शब्द आहे. ज्ञा पासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, तशी श्रु पासून शुश्रूषा. धातूचं पहिलं अक्षर दुणावतं आणि अर्थात ‘इच्छा’ येऊन बसते. जिज्ञासा म्हणजे जाणायची इच्छा, पिपासा म्हणजे प्यायची, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा! पाणिनीनं १.३.५७ या सूत्रात ज्ञा, श्रु, स्मृ आणि दृश् यांना एका ओळीत बसवलंय. कौटिल्यानं अर्थशास्त्रात बुद्धीच्या गुणांची यादी दिली आहे, तिच्यात पहिली शुश्रूषा, श्रवण दुसरं, आणि आपला ऊहापोह बराच मागे. म्हणजे कानावर पडण्याआधी ऐकायची इच्छा हवी, हा क्रम त्यानं लावून ठेवला होता. गुरूचं ऐकायची इच्छा धरणारा शिष्य त्याची सेवा करतो, म्हणून पुढे शुश्रूषेचा अर्थ सेवा झाला, आणि सेवेतून रुग्णसेवा. ऐकणं वाटेत गळून पडलं. त्या पाटीखाली सुनावणी चालली होती आणि पाटीवरचा शब्द तिचा सख्खा भाऊबंद होता, हे आवारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चिकित्साही याच साच्यातली, कित् या धातूपासूनची. इथे मात्र परंपरेतल्या वैयाकरणांशी माझं भांडण आहे. जिज्ञासा-शुश्रूषेत इच्छा आणणाऱ्या प्रत्ययाला ते सन् म्हणतात. त्यांचं म्हणणं, गुप्, तिज् आणि कित् या तीन धातूंना लागणारा सन् मात्र इच्छेचा नाही, तो स्वार्थी आहे, म्हणजे धातूच्याच अर्थाचा. चिकित्सा म्हणजे थेट रोगावरचा उपाय. सन् स्वार्थी असेल, पण वेदात ‘चिकित्वान्’ म्हणजे जाणता, नीट लक्ष असलेला. कित् आणि चित् ही एकाच घरची माणसं. मला तरी चिकित्सेत बारकाईनं बघायची इच्छा स्वच्छ दिसते. दोन हजार वर्षांचे पंडित एका बाजूला आणि मी एका बाजूला, तरी मी माझं सोडत नाही. म्हणजे दवाखान्याचे दोन्ही मुख्य शब्द इच्छेचे निघाले, एक बघायच्या आणि एक ऐकायच्या. शासनानं मात्र पदनाम ठेवलं परिचारिका, म्हणजे भोवती फिरणारी. त्या बिचाऱ्या आरोग्यसेविकेला उपकेंद्राच्या गावांतून खरोखरच एवढं फिरावं लागतं की नाव शोभून दिसतं.

संनियंत्रणाचं राहिलंच. तो शासननिर्णयांचा शब्द आहे, तिथेही कधी सनियंत्रण छापतात, कधी संनियंत्रण. दवाखान्यावर नियंत्रण तुमच्या संस्थेचं नाही; ते असतं तर फ्लेक्स छापायची वेळच आली नसती. सरकारनंच कार्यक्रमाला ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ म्हटलंय, तेव्हा अहवालात निर्धास्त देखरेख लिहा. काका याही शब्दाला हिंदी ठरवायला उठतील; देखणे हे क्रियापद ज्ञानेश्वरीत पानोपानी आहे म्हणावं. फक्त हौसेनं कुणी ‘पाळत’ सुचवली तर नको. ती पोलीस ठेवतात, आणि पुष्कळदा तुमच्यासारख्यांवरच.