रात्रीपर्यंत धडधाकट असलेला आमचा ससा आज सकाळी गेला. माझंच चुकलं का? जोडीतल्या मादीचं काय करू?

आधी मादीकडे बघा, रडणं नंतरही होईल. पुरलं नसेल तर तिला त्याच्याजवळ थोडा वेळ सोडा, हुंगू द्या. नाहीतर ती त्याला शोधत राहते. मग तिच्यासमोर हरळी, सुकं गवत ठेवा आणि लेंड्यांवर नजर ठेवा. जोडीदार गेलेला ससा कधीकधी खाणं टाकतो. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टर गाठा. मेडिकलमधून गोळी आणून मात्र देऊ नका. अमॉक्सिसिलीनसारखं औषध पोटात गेलं तर सशाच्या जिवावर बेतू शकतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. "रात्री गाजर दिलं तर तोंड फिरवलं, वाटलं पोट भरलं असेल," असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी असंच झालं होतं, फक्त गाजराच्या जागी पोळीचा तुकडा होता.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. आमचा कापश्या संध्याकाळी कोठ्यात अंग चोरून बसलेला, करकर दात खात होता. वाटलं, उन्हानं मलूल झाला. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती, आणि मला बरंच वाटलं, चला, आज झाडायला नको! सकाळी ह्यांनी मोटारसायकल काढली, मी त्याला टोपलीत ओल्या फडक्यावर घेऊन मागे बसले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मी गायी-म्हशी, बकऱ्या बघतो, ह्याला यवतमाळला न्या. यवतमाळच्या अलीकडेच मान टाकली त्यानं.

पुढे कळलं, सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. त्याला ओकताही येत नाही. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. त्यात दुखणं लपवायची जात. रानात जो लंगडला तो कोल्ह्याच्या तोंडी गेला. पिंजऱ्यातला ससाही ते विसरत नाही. आपल्याला दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तुमच्याकडे हेच झालं की ऊन लागलं, ते इथून मला सांगता येणार नाही.

मी पोळी-बिस्किटं चारायचे, गवत कमी. ते चुकलंच. म्हणून "तुझी काही चूक नाही" असं कोणी म्हटलं की मला पटायचं नाही. सासूबाईंचं तेवढं पटलं: "काहून जीवाले लावून घेतं वं? मुकं जनावर थे, सांगन कसं?"

लोक हसतील, तयारी ठेवा. गाय मेली तर अख्खी आळी दारात येते, सशासाठी रडलं की पोरखेळ. शेजारचे काका तर म्हणाले, "रस्सा तरी झाला असता." तेच संध्याकाळी बाभळीचे काटे घेऊन धुऱ्यावर आले, कुत्री उकरतात म्हणून. तुम्हीही खड्डा कमरेइतका नाही तरी दोन हात खोल घ्या, वर दगड ठेवा.

आणि मादीनं काही खाल्लं का, ते इथेच लिहा.